विनरिजचा नववा शोकफलक

१

पान फाडलेलं नव्हतं, कापलेलं होतं. शिवणीपासून केसभर जागा सोडून, धारदार चाकूने, वरपासून खालपर्यंत एका दमात.

जोसाया ब्रिंडलने चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा डोळ्यांवर घेतला आणि चर्चचं ते विवाहांचं रजिस्टर खिडकीपाशी तिरकं धरलं. शेजारच्या पानांच्या कडा चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या. कापलेल्या पानाची जी अरुंद पट्टी शिल्लक होती, तिची कड मात्र पांढरीशुभ्र. म्हणजे हे काम जुनं नव्हे, याच महिन्यातलं.

"काय हो पाद्रीसाहेब, ही पेटी कुलुपात असते ना?" त्याने विचारलं.

"तीन कुलपं आहेत," पाद्री टिलिंग म्हणाले. "कायद्यानेच तीन."

"आणि किल्ल्या?"

पाद्रीसाहेबांनी दाराकडे पाहिलं. दारामागच्या खिळ्याला तिन्ही किल्ल्या एकाच दोरीत ओवून टांगलेल्या होत्या. ब्रिंडलने कपाळावर हात मारून घेतला. तीस वर्षं वकिलाकडे कारकुनी करून त्याची एवढी खात्री झाली होती की कुलूप माणसं चोरासाठी लावत नाहीत, मनाच्या समाधानासाठी लावतात.

गेलेलं पान होतं ऑक्टोबर १८०८ चं. आणि नेमकं तेच पान पाहायला इस्टेटीचं काम बघणाऱ्या त्याच्या वकील मालकांनी त्याला चाळीस मैल धक्के खात पाठवलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी म्हातारे लॉर्ड हॅल्स्टो वारले. मागे राहिलं विनरिज कोर्ट, म्हणजे त्यांचा वाडा आणि त्याची सगळी इस्टेट: अकरा शेतवाड्या, ओकचं जंगल, दोन गावं आणि नदीवरची पिठाची गिरणी. पणजोबांच्या काळापासून लिहून ठेवलेलं होतं की हे सगळं थोरल्या पातीतल्या औरस मुलाकडे जावं. लॉर्डसाहेबांचा एकुलता एक मुलगा ज्युलियन बावीस वर्षांपूर्वी घोड्यासकट नदीत वाहून गेला होता. त्याने मरण्याआधी चार महिने गिरणीवाल्याच्या मुलीशी, केझाया प्रॉबर्टशी, गुपचूप लग्न केलं होतं असं केझायाचं म्हणणं. तिचा मुलगा नेथन आता एकवीस वर्षांचा. लग्न झालं असेल तर नेथन विनरिजचा मालक. झालं नसेल तर तो कुणीच नाही, त्याची आई गावाच्या तोंडी ज्या शब्दाने ओळखली जाते तीच, आणि मालक कॅप्टन लायनेल हॅल्स्टो, म्हाताऱ्यांचा पुतण्या.

लग्न लावणारा पाद्री मेलेला. दरवर्षी बिशपांकडे जायची रजिस्टरची नक्कल त्या वर्षी गेलेलीच नव्हती. आणि कॅप्टनने गिरणी चोवीस तारखेला, मध्यग्रीष्माच्या दिवशी, रिकामी करायची नोटीस देऊन टाकली होती. त्याच दिवशी दुपारी बाराच्या टपालगाडीने ब्रिंडलचा अहवाल लंडनला निघायचा होता.

आज सोमवार. चोवीस तारीख शुक्रवारी.

"पान नाही म्हणजे लग्न नाही," मागून कुणीतरी मजेत म्हणालं. "सोपं आहे की नाही, कारकूनमहाशय?"

२

दारात कॅप्टन लायनेल उभा होता. चाळिशीचा, देखणा, बुटांना चिखल. पान कापलं गेल्याचं ऐकून तो दचकला नाही, खूश झाला, आणि ते लपवायच्याही भानगडीत पडला नाही.

"माझ्यावर संशय घ्या, खुशाल घ्या," तो म्हणाला. "पण आधी इकडे या. कागद खोटं बोलतात, भिंत बोलत नाही."

त्याने ब्रिंडलला चर्चच्या मधल्या भागात नेलं. उत्तरेच्या भिंतीवर उंच ओळीने नऊ फळ्या टांगलेल्या होत्या, प्रत्येक पुरुषभर, एका कोपऱ्यावर उभी केलेली. हॅल्स्टो घराण्यात कुणी गेलं की त्याच्या ढालीचं चित्र काढलेला हा शोकफलक वर्षभर घराच्या दारावर लागायचा आणि मग चर्चमध्ये यायचा. गाव सरसकट सगळ्यांना काळी पाटी म्हणत असे.

"ढालीमागचा रंग बघा, चित्र नको," कॅप्टन म्हणाला. "हे आमचे आजोबा. आजी मागे राहिली, म्हणून निम्मा फलक काळा, तिच्या बाजूचा निम्मा पांढरा. हे पणजोबा, विधुर गेले, सगळा काळा. हा थॉमस, ब्रह्मचारी, सगळा काळा. आणि तो नववा, आमचा ज्युलियन."

नववा फलक सगळा काळा होता.

"बायको जिवंत असती तर निम्मा पांढरा असता. ती तर तिकडे गिरणीत ठणठणीत आहे. फलक लागला तेव्हा कुणाला ठाऊक होतं की बावीस वर्षांनी भांडण निघेल?"

बोलण्यात खोट नव्हती. ब्रिंडलला राग आला तो याचाच. त्याने त्या दुपारी गावातल्या पाच जणांना विचारलं की ज्युलियनच्या फलकाचा रंग कुठला. बावीस वर्षं दर रविवारी त्याच्याखाली बसलेली माणसं ती. दोघं म्हणाले काळा, एक म्हणाला निळसर, लोहाराच्या बायकोने असा काही फलकच नसल्याचं शपथेवर सांगितलं, आणि पाचव्याने विचारलं की पाटी काळी नाही तर काय हिरवी असते? धन्य आहे, ब्रिंडल मनात म्हणाला. डोक्यावर टांगलेलं कुणी बघत नाही.

मंगळवारी सकाळी त्याने शिडी मागवली. पाद्री टिलिंग शिडी धरायला उभे राहिले. शिडी धरून ते सारखे दाराकडे बघत होते. ब्रिंडल देवाचं नाव घेत वर चढला आणि नाक फलकाला टेकेल इतका जवळ गेला.

फलकाच्या उजव्या निम्म्यात पतंग अडकले होते, बारीक पांढरे, आठ-दहा. आणि सगळीकडे गवताची कुसळं. गावात गवतकापणी सुरू होऊन दहा दिवस झाले होते, भुसा हवेत उडत होता. डाव्या निम्म्यावर मात्र एक कुसळ नव्हतं, नुसती जुनी कोरडी धूळ.

ब्रिंडलने उजव्या भागाला बोट लावलं. बोट चिकटलं.

३

खाली उतरल्यावर तो पाद्रीसाहेबांना फक्त एवढंच म्हणाला की वर फार धूळ आहे, आणि बोट खिशात घालून नदीच्या वाटेला लागला. नव्या काळ्या रंगाखाली पांढरं आहे हे त्याला खरवडायच्या आधीच कळलं होतं. पण तेवढ्याने भागत नव्हतं. कोर्टात कॅप्टनचा वकील हसून म्हणेल, रंगाऱ्याची चूक. रंगाने लग्न लागत नाही. पान हवं, नाहीतर त्या दिवशी चर्चमध्ये हजर असलेलं माणूस हवं.

गिरणीत केझाया प्रॉबर्ट पिठाच्या गोण्या शिवत होती. एक्केचाळीस वर्षांची, रुंद खांद्यांची, केसांत पीठ की पांढरे केस ते कळू नये अशी. तिने त्याला मगभर सफरचंदाचं सायडर दिलं आणि पाव-चीज पुढे केलं. नेथन आतमध्ये चाक थांबवून हत्यारं बांधत होता. आवराआवर चालली होती.

लग्नाची हकीगत तिने न अडखळता सांगितली. सकाळची वेळ, बाहेर धुकं, आत चौघंच. ज्युलियन, ती आणि दोन साक्षीदार. पाद्री धरले तर पाच. एक साक्षीदार चर्चचा म्हातारा घंटावाला, तो कधीच मेला.

"आणि दुसरा?" ब्रिंडलने विचारलं.

"ते नाही सांगायची."

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "बाई, तुम्हाला शुक्रवारी घराबाहेर काढणार आहेत. तुमच्या मुलाचं नाव जाणार आहे. आणि तुम्ही साक्षीदार लपवताय?"

"शब्द दिलाय. ज्युलियनला. लग्न लागल्यावर चर्चच्या पायरीवर म्हणाला, बाबांना या सहीचा पत्ता लागला तर ते त्या माणसाला घराबाहेर काढतील, आणि त्या माणसाला दुसरं घर नाही. तू कधी नाव घ्यायचं नाहीस."

"अहो, पण म्हातारा गेला आता!"

केझायाने सुई गोणीत खुपसली. "गेला ना. मग त्या माणसाने आपणहून यावं. तीन आठवडे झाले, मी वाट बघतेय. बावीस वर्षं बघितली तशीच. मी नाव घेऊन ओढून आणलं तर ते येणं झालं का?"

ब्रिंडलने समजावलं, रागावला, शेवटी टेबलावर मूठ आपटली. ती ढिम्म हलली नाही. माणसं हट्टी असतात हे त्याला ठाऊक होतं. पण स्वतःच्या गळ्यावर सुरी ठेवून हट्ट करणारं माणूस तो पहिल्यांदाच बघत होता.

जाताना त्याने सहज विचारलं की त्या काळात विनरिज कोर्टात कोण कोण राहत असे. ती म्हणाली, म्हातारे मालक, ज्युलियन, त्याची धाकटी बहीण लेटिशिया, आणि पुस्तकं सांभाळायला ठेवलेला एक गरीब तरुण, टिलिंग नावाचा. तोच आता पाद्री आहे.

४

बुधवारी ब्रिंडलने तीन चिठ्ठ्या लिहिल्या. तिन्हींत शब्दाला शब्द तोच: ज्युलियनसाहेबांचा फलक उतरवून पुसून घ्यायचा आहे, आपली परवानगी असावी. रंगाचा, पतंगांचा, चिकट बोटाचा उल्लेख त्याने मुद्दाम केला नाही. एक चिठ्ठी कॅप्टनला, एक पाद्रीसाहेबांना, एक मिस लेटिशिया हॅल्स्टोंना. नव्या काळ्या रंगाचा डबा कुठून आला ते शोधायला फार डोकं चालवावं लागलं नव्हतं. म्हाताऱ्यांचा शोकफलक रंगवायला आलेला फर्निस नावाचा परगावचा रंगारी अजून वाड्यावरच्या घोडागाड्यांच्या पागेतच काम करत होता, बग्ग्या काळ्या करत. डबे उघड्यावर. घरातलं कुणीही उचलावं.

संध्याकाळपर्यंत तिन्ही उत्तरं आली.

कॅप्टनने लिहिलं होतं: पुसा, धुवा, हवं तर चुलीत घाला.

मिस लेटिशियांचं अक्षर बारीक आणि सरळ होतं. फलक जरूर पुसावा, भावाची आठवण स्वच्छ राहिलेली बरी. मात्र डाव्या बाजूला हात लावू नये. तिथल्या रंगाला पोपडे आले आहेत, पुसताना सुटतील.

पाद्रीसाहेबांनी सरळ नकार दिला होता. फलक हलवणं अशुभ आहे, अशा अर्थाचं काहीतरी, आणि खाली सही वेडीवाकडी.

ब्रिंडलने तिन्ही कागद खाणावळीच्या टेबलावर मांडले. कॅप्टनला रंगाची खबर असती तर त्याने चुलीचं नाव चेष्टेतसुद्धा काढलं नसतं. तो लोभी होता, पण या भानगडीत नव्हता. मिस लेटिशिया डावी बाजू जपत होत्या. चोरी होती उजवीकडे. म्हणजे बाईंना काहीच माहीत नव्हतं, बिचाऱ्या भावाचा जुना रंग जपत होत्या. त्याने त्यांचा कागद बाजूला सारला.

उरले पाद्री टिलिंग. पूर्वी विनरिजच्या वाड्यात राहणारे, दुसरं घर नसलेले. किल्ल्या त्यांच्या खिळ्यावर. त्यांची पाद्रीची जागा विनरिजच्या मालकाच्या मर्जीवर. कॅप्टन मालक झाला तर जागा टिकेल असं त्यांना वाटलं असणार. सगळं जुळत होतं. इतकं चपखल की त्याला त्या रात्री झोप छान लागली, आणि गुरुवारी सकाळी तो चर्चमध्ये गेला तो थेट वार करायलाच.

"पाद्रीसाहेब," तो म्हणाला, "रजिस्टरचं पान कापणाऱ्याला काय शिक्षा आहे, ठाऊक आहे ना? जन्माची हद्दपारी. समुद्रापलीकडे."

टिलिंग बाकावर बसले आणि रडायलाच लागले.

५

पण कबुली निघाली ती भलतीच. लग्नांची नक्कल बिशपांकडे पाठवायचं काम त्या वर्षी तरुण टिलिंगवर सोपवलं होतं आणि ते विसरले होते. बावीस वर्षं ते एवढंच पोटात घेऊन बसले होते. नक्कल गेली असती तर केझायाला कुणी बोट लावू शकलं नसतं. फलकाला हात लावायची भीती याचीच, की एकेक गोष्ट उकलत प्रकरण आपल्या विसरभोळेपणापर्यंत येईल. त्या लग्नाला ते हजर नव्हते. त्या आठवड्यात ते तापाने अंथरुणात होते आणि गावच्या वैद्याला ते आठवत असणार.

ब्रिंडलला स्वतःचीच लाज वाटली. भल्या माणसाला रडवलं, तेही चुकीचं. हाती काय, तर उद्याचा दिवस आणि शून्य.

त्याने फर्निस रंगाऱ्याला बोलावून फलक उतरवला आणि बाकांवर टेकवला. कोण गुन्हेगार ते नंतर, निदान खालचं पांढरं तरी बाहेर येऊ दे. फर्निस टर्पेंटाइनचं फडकं पिळत म्हणाला की कुठून सुरू करू. ब्रिंडलने त्याला मिस लेटिशियांची चिठ्ठी दिली, निदान त्यांच्या इच्छेचा मान राहावा म्हणून.

फर्निसने चिठ्ठी वाचली, फलकाच्या चिकट बाजूजवळ नेलेला हात मागे घेतला आणि फडकं खाली ठेवलं.

"मग मी नाही लावत हात," तो म्हणाला. "बाईसाहेबांनी ही बाजू नको म्हटलंय."

"अरे, त्यांनी डावी म्हटलंय. ही उजवी."

"तुमची उजवी, साहेब." फर्निसला हसू आलं. "तुम्ही ढालीच्या समोर उभे आहात. ढाल धरणारा माणूस मागे असतो. त्याचा डावा हात तिकडे, तुमच्या उजवीकडे. आम्ही ढाली रंगवणारे असंच बोलतो. आणि ज्यांच्या घरात ढाल असते ते असंच शिकतात, पाळण्यापासून. बाकी सगळं जग तुमच्यासारखं."

ब्रिंडल बाकावर बसला. मिस लेटिशियांनी जपायला सांगितली होती ती हीच बाजू, जिच्यावरचा रंग अजून ओला होता. आणि ओली आहे हे त्याच्याखेरीज फक्त रंगवणाऱ्यालाच ठाऊक होतं.

पाद्रीसाहेब डोळे पुसत पुढे आले. त्यांना एक गोष्ट सांगायची होती, महत्त्वाची आहे की नाही कोण जाणे. मिस लेटिशिया चर्चमध्ये घराण्याच्या मानाच्या बाकावर कधी बसत नाहीत. बावीस वर्षं त्या खांबाआडच्या बाकावर बसतात, जिथून हा फलक दिसत नाही.

"पूस रे ते," ब्रिंडल म्हणाला. "सगळं पूस."

काळं फडक्यावर उतरत गेलं आणि खालून निम्मा फलक पांढरा निघाला.

६

मिस लेटिशिया हॅल्स्टो दुपारच्या उन्हात गुलाबांच्या वाफ्यापाशी बसल्या होत्या, अंगावर काळा पोशाख. चाळिशीच्या असून साठीच्या वाटत होत्या. दहा वर्षं त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना भरवलं होतं, उठवलं-बसवलं होतं. ब्रिंडलने फलक पुसल्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं की डावी बाजूही? तो हो म्हणाला.

"पान कुठे आहे, बाईसाहेब?"

"जाळलं."

एवढा खटाटोप करून शेवटी राख. पण त्या आता थांबत नव्हत्या. बहुतेक इतकी वर्षं कुणी विचारायचीच वाट बघत होत्या.

"तो निम्मा पांढरा रंग मीच द्यायला लावला होता. बाबा वर्षभर घराबाहेर पडले नाहीत, चर्चला तर पुन्हा कधीच गेले नाहीत. मी अठरा वर्षांची. रंगाऱ्याला सांगितलं, माझ्या भावाची बायको जिवंत आहे, तिची बाजू पांढरी ठेव. एवढं एकच काम मी आयुष्यात धड केलं."

"आणि आता तेच पुसलंत."

"कॅप्टनने मला इथल्या दोन खोल्या मरेपर्यंत देऊ केल्यात. मला दुसरं घर नाही."

ज्युलियनचे चर्चच्या पायरीवरचे शब्द ब्रिंडलच्या कानात वाजले. म्हातारा ज्याला घराबाहेर काढेल ते माणूस कोण, हे त्याला आत्ता कळलं, आणि उशिरा कळल्याबद्दल त्याने स्वतःला शिवी हासडली.

"दुसरी सही तुमची होती."

त्यांनी मान हलवली. होय म्हणून.

"मग पान जळलं तरी काय बिघडलं? तुम्ही सांगा. सही करून द्या. पान कुणी कापलं ते मी लिहिणार नाही, मला ते कुणी विचारलेलंही नाही. नेथन तुम्हाला घराबाहेर काढेल असं वाटतं? तुमचा भाचा आहे तो."

"त्याची भीती नाही, हद्दपारीचीही नाही." त्यांनी नदीच्या दिशेने पाहिलं. "मला त्या गिरणीच्या दाराची भीती वाटते. ज्युलियन बुडाला त्या दिवशी तिला सातवा का आठवा आठवडा होता. ती दोनदा इथे आली. मी खिडकीत उभी होते. बाबांनी तिला हाकललं आणि मी पडदा ओढून घेतला. मग ती आलीच नाही. बावीस वर्षं मी चर्चला जाते, बाजाराला जाते, नदीपलीकडे पाय टाकलेला नाही. तिने एका शब्दाने मला पकडून दिलं असतं. दिलं नाही. आता कुठल्या तोंडाने जाऊ? लग्न झालंच नाही असं ठरलं, तर मी तिची कुणी लागत नाही. मग मी काही केलंही नाही."

ब्रिंडलला त्यांचा संताप आला आणि दयाही आली, दोन्ही एकदमच. पुरावा म्हणून त्याच्याकडे पुसलेला फलक होता आणि एका बाईचं बागेतलं बोलणं, जे ती उद्या नाकारू शकत होती.

"टपालगाडी उद्या बाराला निघते," तो म्हणाला. "मी गिरणीत असेन."

७

शुक्रवारी अकरा वाजता गिरणीसमोर बैलगाडी भरून तयार होती. पलंग, पिंप, कोंबड्यांची टोपली. नेथन जू बांधत होता आणि कुणाकडे बघत नव्हता. कॅप्टन लायनेल घोड्यावरून उतरून किल्लीसाठी हात पुढे करून उभा होता. चेहऱ्यावर विजय होता, पण थोडी शरमही असावी, कारण तो हवापाण्याविषयी बोलत होता. पाद्री टिलिंग नक्कल विसरल्याची कबुली लेखी द्यायला आले होते, पण त्या कागदाने फक्त त्यांचं मन हलकं होणार होतं.

ब्रिंडलने केझायाला सगळं सांगितलं होतं, एक नाव वगळून. तिने ते विचारलं नाही. साडेअकरा झाले. त्याने अहवालाचा कागद काढला, 'पुरावा मिळाला नाही' असं लिहायला शाईत लेखणी बुडवली, आणि लेखणी तशीच धरून बसला.

नदीवरच्या फळीच्या पुलावर काळ्या कपड्यांतली बाई उभी होती.

ती अर्ध्यावर येऊन थांबली. कठड्याला धरून इतका वेळ उभी राहिली की आता मागे फिरणार असंच ब्रिंडलला वाटलं. खाली पाणी तेच होतं ज्याने तिचा भाऊ नेला. मग ती पुढे आली.

"लेटी?" कॅप्टन म्हणाला. "तू इथे काय करतेस?"

मिस लेटिशियांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या गाडीपाशी आल्या आणि ब्रिंडलला म्हणाल्या, "लिहा. बारा ऑक्टोबर अठराशे आठ. माझ्या भावाचं केझाया प्रॉबर्टशी लग्न लागलं तेव्हा मी तिथे होते. साक्षीदार म्हणून सही केली. शोकफलक निम्मा पांढरा मी करून घेतला."

ब्रिंडलने गाडीच्या फळीवरच कागद ठेवून लिहिलं. पाद्रीसाहेबांनी शपथ दिली. बाईंनी खाली सही केली. कॅप्टनचा चेहरा पांढरा पडला होता.

"आणि पान? ते कुणी कापलं?" त्याने विचारलं.

"ते मला शोधायला सांगितलेलं नव्हतं," ब्रिंडल म्हणाला. "लग्न झालं की नाही, एवढंच विचारलं होतं."

कॅप्टनने लेटिशियांकडे पाहिलं, त्यांनी त्याच्याकडे. त्याला समजलं असावं. पण तो हॅल्स्टो होता, घराण्याचं नाव चव्हाट्यावर नेणाऱ्यातला नव्हता. त्याने पुढे केलेला हात खिशात घातला, घोड्यावर बसला आणि गेला. ब्रिंडलने कागद घडी करून लाख लावली. टपालगाडीला वीस मिनिटं होती, नेथनने बैल सोडले आणि आपला घोडा ब्रिंडलला देऊ केला.

मिस लेटिशिया मात्र पुलाकडे वळल्या होत्या. सांगायचं ते सांगून झालं होतं, आणि गिरणीच्या दाराकडे त्यांनी अजून एकदाही पाहिलं नव्हतं.

"उशीर केलात," मागून केझाया म्हणाली.

त्या थांबल्या. वळल्या नाहीत.

"दोनदा आले होते मी. पोटुशी होते. पडदा ओढताना बघितलं होतं मी तुम्हाला. मला विसरायला नाही जमलं ते, जमणारही नाही."

"माहीत आहे," मिस लेटिशिया म्हणाल्या.

नेथन आईकडे बघत राहिला. ब्रिंडल रिकिबीत पाय घालून तसाच उभा होता; त्याला निघायला हवं होतं आणि निघवत नव्हतं. केझायाने हाताचं पीठ झटकलं, गाडीवरची एक खुर्ची ओढून काढली, उंबऱ्याच्या आत नेऊन ठेवली आणि दारात आली.

"उन्हात उभ्या राहू नका," ती म्हणाली. "आत या, वन्सं."